दहावा अर्ज

चूक माझी होती, हे आधी लिहून टाकतो. कारण मला माझा स्वभाव माहीत आहे. गोष्ट सांगता सांगता मी चुकीचे वाटे करतो. थोडी वडिलांच्या पदरात, थोडी हेडमास्तरांच्या, थोडी त्या वयाच्या, आणि शेवटी माझ्या वाट्याला चिमूटभर उरते. या वेळी तसं करायचं नाही. आमच्या शाळेत वरच्या गणिताचा वर्ग निघाला नाही, तो मी निघू दिला नाही म्हणून. एका चांगल्या शिक्षकाची जागा गेली, ती माझ्यामुळे. आणि ज्या मुलाला त्या वर्गाची खरोखर गरज होती, त्याला मी वर आणखी एक खोटं सांगितलं. ते त्याने अठरा वर्षं खरं मानलं.

हे लिहिताना मध्ये मध्ये मला हसू येणार आहे, त्याला माझा इलाज नाही. पाप करताना मला मजा आली होती. ते लपवलं तर कबुली अर्धीच राहील.

स्वातंत्र्य मिळून दोन-तीन वर्षं झाली होती. आमच्या जिल्ह्याला तेव्हा कुलाबा म्हणत. खाडीच्या अलीकडे आमचं गाव, पोस्ट आणि हायस्कूल. पलीकडे मिठागरं आणि त्यांच्यामागे भाताची शेतं. मध्ये पूल नव्हता. रुंद बुडाची एक होडी होती, तिला तर म्हणत. धक्क्यावर उभं राहून हाक मारली की तरीवाला यायचा, अर्थात खाडीत पाणी असलं तर. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू, गावचे पोस्टमास्तर होते. तरीवाल्याचा मुलगा माझ्या वर्गात, माझ्याच बाकावर बसायचा. तो मला 'पोस्टमास्तर' म्हणायचा, अण्णांच्या देखत सुद्धा.

आठवीच्या शेवटी प्रत्येकाला एक अर्ज भरून द्यावा लागे. नववीपासून साधं गणित घेणार की वरचं? साधं म्हणजे अंकगणित. व्याज, नफातोटा, हौदाला दोन नळ आणि तळाला भोक. वरचं म्हणजे त्याशिवाय बीजगणित आणि भूमिती. वरचं घेतलं असेल तरच पुढे सायन्स कॉलेज, तरच इंजिनियरिंग. साधं घेतलं की तो रस्ता तेराव्या वर्षीच बंद. अर्जावर पालकाची सही हवी, सही येत नसेल तर अंगठा.

मी इंजिनियर होणार, हे अण्णांनी माझ्या बारशाच्या आधी ठरवलं होतं. मी हुशार म्हणून गावात ओळखला जायचो, पण ती हुशारी सगळी पाठांतराची. आठवीत भूमितीची तोंडओळख होती, तिची प्रमेयं मी स्तोत्रासारखी म्हणायचो. त्रिकोण 'अबक' असला तर अडायचो नाही. एकदा सरांनी त्याच त्रिकोणाला 'पफम' म्हटलं आणि मी फळ्यासमोर खडू धरून तास संपेपर्यंत उभा राहिलो. मला त्या दिवशी कळलं की वरच्या गणितात माझं पितळ उघडं पडणार. अण्णांना हे सांगण्यापेक्षा खाडीत उडी मारणं सोपं होतं.

गणिताचे सर त्याच वर्षी घाटावरून आले होते. त्यांनी त्याआधी समुद्र पाहिला नव्हता. पहिल्या दिवशी धक्क्याच्या खालच्या पायरीवर वहाणा काढून ते पाण्यात पाय सोडून बसले. तासाभराने उठले तेव्हा वहाणा नव्हत्या. "पाणी वर येतं हे वाचलं होतं," ते म्हणाले, "पण इतक्या गुपचूप येतं हे कुठे लिहिलेलं नव्हतं." मग त्यांना पाण्याचं वेडच लागलं.

थंडीच्या दिवसांत एकदा त्यांनी सगळा वर्ग धक्क्यावर नेला. एका बांबूवर सुरीने खुणा करून तो चिखलात रोवला आणि दर तासाला पाणी कोणत्या खुणेवर आहे ते लिहायला लावलं. वहीत आकडे लिहायचं काम माझं. दुपारचं जेवण तिथेच. शेवटी सरांनी विचारलं, "काय दिसतं?"

कोणालाच काही दिसत नव्हतं. तरीवाल्याचा मुलगा हसला.

"हसायला काय झालं?"

"त्यात बघायचं काय, सर. पानी दर तासाला सारखं चढत न्हाय. आधी दमानं, मंग मधल्या दोन तासांत जोरात, मंग परत दमानं. भरती पुरी व्हायच्या टायमाला तर हलतच न्हाय. होडी बांधली न्हाय तरी जागची जात न्हाय."

"आणि भरती पुरी केव्हा होते?"

"तिथीची पाऊणपट. आज अष्टमी. आठ पाऊणे सहा. सहा वाजता."

पाऊणकीचा पाढा आम्ही सगळ्यांनीच घोकला होता. त्याचा उपयोग फक्त त्यालाच माहीत होता.  सरांनी छत्रीच्या टोकाने ओल्या वाळूत एक रेघ काढली. सुरुवातीला लोळलेली, मध्ये उभी चढणारी, वर जाऊन पुन्हा आडवी होणारी. तिच्यावर एका जागी छत्रीच तिला लागून टेकवली. "या जागी छत्री जितकी तिरकी, तितका त्या वेळी पाण्याचा वेग. शेंड्यावर बघ, छत्री आडवी पडली. वेग शून्य. तू म्हणतोस तेच. याचं एक सबंध गणित आहे, कॅल्क्युलस म्हणतात. कॉलेजात शिकवतात. पण तिकडे जायची होडी वरच्या गणिताच्या धक्क्यावरूनच सुटते."

माझ्या मित्राने ती रेघ पाणी येऊन पुसेपर्यंत पाहिली. परत येताना तो मला म्हणाला, "बा म्हनतो, आज ना उद्या हितं पूल व्हनार. पूल झाला की तर बंद. मंग आपन खानार काय? मी म्हनलं, पूल व्हनारच हाय तर मीच बांधीन."

वरच्या गणितामुळे त्याला काय मिळणार होतं आणि ते हुकलं तर काय जाणार होतं, हे मला त्या दिवसापासून स्वच्छ माहीत होतं. हे मुद्दाम लिहितो आहे.

मार्च महिन्यात हेडमास्तरांनी वर्गात येऊन सांगितलं, "वरच्या गणिताला निदान दहा मुलं हवीत. दहा नाही भरली तर वर्ग नाही. आणि वर्ग नाही तर या सरांची जागाही नाही. कोण कोण घेणार? हात वर करा." चौदा हात वर झाले. त्यांत एक माझा होता. मी हात वर केला आणि त्याच क्षणी माझ्या डोक्यात हिशेब सुरू झाला. वर्गच निघाला नाही तर अण्णा मला दोष देऊ शकणार नाहीत. मी तर हात वर केला होता. पाच जण गळले की काम झालं. माझ्या आयुष्यात मी स्वतः मांडलेलं आणि बरोबर सोडवलेलं हे पहिलं गणित.

पोस्टमास्तरचा मुलगा असल्याने मला घरोघर पत्रं पोचवायला जावं लागे, आणि कोणत्या घराला कशाची भीती आहे हे मला पाठ होतं. पहिला गेलो सुपारीच्या वाडीत. तिथल्या काकांना एकुलता एक मुलगा. "काका, अभिनंदन," मी म्हणालो, "आता तुमचा मुलगा अकरावी झाली की मुंबईलाच."

"मुंबईला कशाला?"

"वरचं गणित घेतलेल्यांना इथे ठेवून काय उपयोग? शिकायला मुंबई, मग नोकरी मुंबई, मग सून मुंबईची." मी वाडीकडे पाहिलं. "रहाटाला कोण उभं राहणार, तेवढं बघा."

दुसऱ्या दिवशी त्या मुलाने साधं गणित घेतलं.

शंकराच्या देवळातल्या गुरवाच्या घरी मी नुसतं विचारलं की सोमवारचं त्यांचं कसं जमणार. सोमवारचं काय, तर वरच्या गणिताचा जादा तास सोमवारी संध्याकाळी असणार असं ऐकलं. कोणाकडून ऐकलं ते त्यांनी विचारलं नाही. श्रावणी सोमवारी मुलगा देवळात नाही, हे चित्र डोळ्यांसमोर आलं आणि तिथेच निकाल लागला.

वर्गात दोन जुळे भाऊ होते. त्यांना तर मी काहीच खोटं सांगितलं नाही. एकाला विचारलं, "तुझा भाऊ नको म्हणतोय का रे?" दुसऱ्यालाही तेच विचारलं. दोघांनी एकमेकांना न विचारता एकमेकांसाठी नाव मागे घेतलं.

चौथ्या घरात एक आजी होत्या. "आजी, नातू वरचं गणित घेतोय म्हणे."

"व्हय बाबा. हुशार हाय."

"हुशार आहेच. तोफखान्यात हुशारच लागतात."

"तोफखान्यात?"

"तोफेचा गोळा कुठे पडणार ते भूमितीनेच काढतात, आजी."

त्यांचा थोरला मुलगा मोठ्या लढाईत गेला होता आणि परत आला नव्हता. मला ते माहीत होतं, म्हणूनच ते घर मी निवडलं होतं. इथे मला हसू येत नाही.

नऊ उरले. अण्णांनी जेवताना विचारलं, "किती जण घेतायत वरचं?"

"नऊच."

"लोकांना मुलांच्या भल्याची काही पडलेलीच नाही."

"हो ना," मी म्हणालो आणि भात कालवला.

माझ्या मित्राला वास आला. "पोस्टमास्तर, कोन तरी मागनं खोडी करतंय. चौदाचे नऊ आपोआप व्हत न्हाईत."

"कोण असेल?"

"घावला तर खाडीत बुचकळून काढीन. तुझ्या ध्यानात येतंय का कोनी?"

मी खूप विचार केल्यासारखं केलं आणि नाही म्हणालो. वर म्हणालो की आपण दोघे मिळून शोधू.

शोधण्यात त्याने वेळ घालवला नाही. तो दहावा मुलगा आणायला गेला. पलीकडच्या मिठागरातला एक मुलगा आमच्या वर्गात होता, आकडेमोडीत तरबेज, पण मीठ काढायचे दिवस म्हणून अर्धं वर्ष गैरहजर. त्याचे वडील म्हणाले, पोरगं वरच्या गणितात गुंतलं तर मीठ कोण ओढणार? माझा मित्र तीन दिवस शाळा सुटल्यावर पलीकडे गेला आणि त्यांच्या मिठागरात फळी धरून मीठ ओढलं. दर हंगामात असाच येईन म्हणाला. तिसऱ्या दिवशी त्या वडिलांनी हसून अर्जावर अंगठा उठवला.

तो अर्ज घेऊन तो शुक्रवारी संध्याकाळी आमच्या ओटीवर आला. त्या दिवशी हनुमान जयंती होती. पलीकडच्या गावात जत्रा होती. "उद्या पावने परतनार, तरीवर दाटी हाय, बा एकटा हाय. मला शाळेत यायला जमनार न्हाय. उद्या शेवटचा दिस. तू दे." अर्ज माझ्या हातात ठेवून तो म्हणाला, "जप हां. त्यात मी हाय."

शनिवारी सकाळची शाळा. हेडमास्तरांनी अर्ज मोजले. नऊ. सर खिडकीशी उभे होते. "एक कमी," ते म्हणाले. "कोणाचा राहिलाय का रे?" त्यांनी सगळ्या वर्गावरून नजर फिरवली. माझा हात खिशात होता आणि खिशातल्या कागदाची घडी माझ्या बोटांना लागत होती. मी हात बाहेर काढला आणि डोकं खाजवलं. हेडमास्तरांनी अर्जांना टाचणी लावली. इतकंच झालं.

शाळा सुटल्यावर मी घरी जायच्या ऐवजी धक्क्याच्या टोकाला गेलो. कागद घरात लपवण्यात अर्थ नव्हता. अण्णा कागदाच्या बाबतीत मांजरासारखे होते. ओहोटी तो समुद्रात नेईल, असा माझा बेत. पौर्णिमा काल झालेली, आज प्रतिपदा, भरती पाऊण वाजता पुरी. एक वाजला होता. म्हणजे ओहोटी लागली होती. पाढा माझा पाठच होता. मी अर्ज पाण्यावर सोडला.

अर्ज हलेना.

तो धक्क्याला लागून शांतपणे तरंगत राहिला, अंगठा वर करून. मी पायाने ढकलला, तो वीतभर गेला आणि परत आला. थंडीत सरांनी छत्री आडवी पाडून दाखवलं होतं ते हेच होतं. आकडे माझ्याच वहीत होते, माझ्याच अक्षरात, आणि मी ते नुसते लिहिले होते. भरतीच्या शेंड्यावर वेग शून्य. मी दगड मारायला लागलो. पहिले चार चुकले. एवढ्यात पलीकडून जत्रेचे पाहुणे भरून तर निघाली, आणि वल्ह्यावर माझा मित्र होता. आता दगड मारणाऱ्या माझ्याकडे होडीतले वीस लोक बघत होते. मी पायरीवर पालथा पडलो, कोपरापर्यंत हात पाण्यात घातला, कागद ओढून त्याचा बोळा केला आणि एका धोंड्याखाली दाबला. उठलो तेव्हा माझी एक बाही भिजलेली होती.

होडी टेकली. तो उडी मारून आला. "दिला का?"

"दिला," मी म्हणालो. पुढचं वाक्य मी ठरवलेलं नव्हतं. ते पोस्टात रोज कानांवर पडायचं, तसंच तोंडातून आलं. "पण हेडमास्तरांनी परत केला. अंगठ्याखाली साक्षीदाराची सही नाही. साक्ष नसली तर अंगठा चालत नाही."

मनिऑर्डरीला ते खरंच होतं. म्हणून त्याला ते पटलं. तो आपल्या हाताकडे बघत राहिला. "शाई मीच लावली हुती," तो म्हणाला. "खाली सही करायची हे मला कुठं म्हाईत. परत इचारू त्यांना?"

"यादी गेली अलिबागला."

"मंग माझ्याच हातनं झालं," तो म्हणाला, आणि वल्हं उचलून परत होडीत गेला. पाहुण्यांची दुसरी खेप पलीकडे थांबली होती.

शाळेला सुट्टी लागली आणि सर निघाले. लाँच खाडीच्या तोंडाशी उभी राहायची, तिथपर्यंत होडीनेच जावं लागे. मित्र वल्ह्यावर, सर ट्रंकेवर, आणि पोचवायला म्हणून मी. मी मुद्दाम गेलो होतो. ही दोन माणसं एकमेकांशी बोलली तर माझं काय होईल, या भीतीने मला घरी राहवेना. मध्यावर आल्यावर सर म्हणाले, "तो मिठागरातला मुलगा येईल असं तू म्हणाला होतास."

मित्राने मान खाली घातली. "माझं चुकलं, सर. मी अर्जावर–"

मी पाय लांब केला आणि सरांनी काढून ठेवलेली एक वहाण पाण्यात गेली. "सर, वहाण," मी ओरडलो. तिच्यामागे होडी वळवावी लागली, आणि ती हाती लागेपर्यंत लाँचचा भोंगा झाला. सर आले तेव्हा आमच्या खाडीने त्यांच्या वहाणा गुपचूप नेल्या होत्या. जातानाची एक मी ढकलली. ओली वहाण हातात धरून ते लाँचवर चढले आणि वरून म्हणाले, "तुझं कसलं चुकलं? तू गणित सोडू नको." हे ते माझ्या मित्राला म्हणाले. मला म्हणाले, "तू वहाणा सांभाळ."

एवढं सगळं करून मला काय मिळालं, तेही सांगतो. अण्णांनी तीनच दिवस विचार केला आणि मला मुंबईला मामांकडे पाठवलं. तिथल्या शाळेत वरचं गणित होतं. माझं नाव घालताना अण्णा म्हणाले, "गावात वर्ग निघाला नाही म्हणून तुझं नुकसान होऊ देणार नाही." अकरावीत मी भूमितीत एकदा नापास झालो, पुढे डिप्लोमाला दोनदा. शेवटी बांधकाम खात्यात ओव्हरसियर झालो. माझ्या मित्राने साधं गणित घेऊन अकरावी केली. अंकगणितात त्याचा एकही मार्क गेला नव्हता, असं अण्णांच्या पत्रात होतं. पुढे तो तरीवर बसला. मी सुट्टीत गावी जायचो ते एस.टी.ने, लांबच्या रस्त्याने, म्हणजे तरीवर बसावं लागू नये.

अठरा वर्षांनी खात्याने मला पाठवलं ते त्याच खाडीवर. पुलाची पाहणी होती. दर तासाचं पाणी मोजून तक्ता भरायचा, आणि त्यासाठी दिवसभर होडी लागणार होती. खाडीत होडी एकच होती.

"या, साहेब," तो म्हणाला. मग माझ्याकडे नीट पाहून म्हणाला, "आयला, पोस्टमास्तर. मंग आला म्हनायचा पूल."

"आला."

"तू बांधनार?"

"मी ओव्हरसियर आहे. इंजिनियर सांगतात ते करून घेतो."

"माझं पन तसंच हाय. घरात बायको सांगती ते करून घेतो."

पुलामुळे त्याची तर बंद होणार, याबद्दल तो एक शब्द बोलला नाही. मीही बोललो नाही. सकाळभर मी एक गोष्ट बघत होतो. होडीत बसणारी माणसं त्याच्यापुढे कागद धरत होती. एका म्हातारीची मनिऑर्डर होती, कोणाचा सोसायटीचा फॉर्म. तो वल्हं गुडघ्यांत धरून अंगठ्याखाली सावकाश सही करायचा आणि तारीख घालायचा. "साक्ष असली म्हंजे कागद," तो म्हातारीला म्हणाला. "न्हाय तर फुकट." पंचक्रोशीतले अंगठे त्याच्याकडे येतात, हे तिनेच मला कौतुकाने सांगितलं. मी तक्त्यात तोंड घातलं.

दुपारी शाळा सुटल्यावर त्याची मुलगी होडीत आली. तेरा वर्षांची, दोन वेण्या. तिने माझ्या तक्त्यावर नजर टाकली आणि म्हणाली, "काका, भरतीच्या पयल्या तासाचं पानी तुम्ही वाचलं न्हाय."

"वाचलं की."

"न्हाय वाचलं. आधीचा आनि पुढचा आकडा घेऊन मधला लिवलाय. पयल्या तासाला एवढं चढत न्हाय."

त्या तासाला मला डुलकी लागली होती. मी आकडा खोडला. तिचा बाप जोरात हसला आणि त्याने टोपीतून एक घडी केलेला कागद काढला. "तू वरचं गनित केलेला मानूस. सांग, हिला झेपल का? शाळेत आता वर्ग हाय वरच्या गनिताचा. पन बाई म्हनतात, पोरीच्या जातीनं गृहशास्त्र घ्यावं. उद्या अर्ज द्यायचाय."

मी कागद उघडला. तोच अर्ज होता, छापील, साधं की वरचं. वरच्या गणितापुढे खूण होती. खाली त्याची स्वच्छ सही. आणि सहीच्या खाली, जिथे फॉर्मवर जागासुद्धा नव्हती तिथे, समासात, दोन साक्षीदारांच्या सह्या. पूर्ण नावं, गाव, तारीख.

"इथे साक्षीदार लागत नाहीत," मी म्हणालो. "तुझी सही आहे ना."

"असू दे. एकदा राहिलं हुतं माझ्या हातनं. तुला म्हाईत हाय."

भरतीचा शेवट होता. होडी खाडीच्या मध्यावर होती आणि जागची हलत नव्हती.

"झेपेल," मी म्हणालो. "तिला वरचंच घेऊ दे. आणि तुझ्या हातून काही राहिलं नव्हतं. हेडमास्तरांनी तो अर्ज पाहिलाच नाही. मी तो दिला नाही."

त्याने वल्हं पाण्यातून काढून होडीत आडवं ठेवलं.  मुलगी एकदा माझ्याकडे आणि एकदा बापाकडे बघत होती.

"त्या दिशी धक्क्यावर दगड मारत हुतास," तो शेवटी म्हणाला, "ते काय?"

"तोच. बुडत नव्हता."

त्याच्या ओठांच्या कडेला काहीतरी हललं आणि परत स्थिर झालं. "अठरा वर्सं," तो म्हणाला. "अठरा वर्सं मी दुसऱ्यांच्या अंगठ्याखाली सह्या करतोय, पोस्टमास्तर." मग त्याने मुलीकडे बोट केलं. "आता बोल. पयल्यापास्नं, सगळं. ही साक्षीला हाय. बोलून होईस्तोवर वल्हं हातात घेनार न्हाय."

मी उभा राहिलो. होडीत उभं राहू नये हे मला लहानपणापासून माहीत होतं, पण बसून ते बोलता येईना. वाडीतले काका, गुरव, जुळे भाऊ, त्या आजी, खिशातला कागद, धोंडा, सरांची वहाण, सगळं एकेक करून सांगितलं. मुलीला दोनदा हसू आलं, आजींच्या वेळी आलं नाही. मग मी म्हणालो, "वर्ग मी मोडला. सरांची जागा मी घालवली. तुझा रस्ता मी बंद केला, आणि वर तुलाच तुझी चूक आहे असं सांगितलं. मी भूमितीला घाबरत होतो, एवढंच कारण होतं. माझं चुकलं. मला माफ कर."